तू बोलतोयस की पंप

मास्तरांना झटका आला तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि ती चालवत होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. बाई लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलचे, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याची गाडी सांभाळणारे. त्यांच्या पायाखाली जास्तीचा क्लच आणि जास्तीचा ब्रेक असे, आणि शिकणाऱ्याने चूक करायच्या आधीच तो दाबायचा त्यांच्या पायाला नाद होता.

त्या सकाळी चौकात सिग्नल लाल असताना बाईंनी गाडी पुढे नेली आणि ब्रेक लागला नाही. बाईंनी दचकून शेजारी बघितलं. मास्तर घामाने निथळत होते आणि डावा हात उजव्या हाताने आवळून बसले होते.

"मास्तर, काय होतंय?"

"काही नाही, पित्त झालंय. तुम्ही आरसा बघा."

बाई दातांच्या का होईना, डॉक्टर होत्या. त्यांनी आरसा बघितला नाही. हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि गाडी तशीच दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलत असताना, हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेली. थांबली ती दाराजवळची कुंडी फोडून.

पुढचं मास्तरांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. छताचे दिवे मागे पळत होते. कोणीतरी शर्ट कात्रीने कापला. मग एक तरुण बाई, डोक्याला हिरवी टोपी, त्यांच्या तोंडावर वाकून भराभर काहीतरी सांगू लागली. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी आम्ही उघडतोच आहोत, तो इलाज होणारच. त्याशिवाय इथे एका हार्मोनची चाचणी चालू आहे, त्याने हृदयाचा स्नायू वाचतो का ते बघायचंय. तुम्हाला ते मिळेल किंवा नुसतं मिठाचं पाणी मिळेल, काय मिळालं ते मलाही कळणार नाही. नाही म्हणालात तरी बाकीच्या उपचारात काही फरक पडणार नाही. चालेल ना?

त्यातलं शेवटचं तेवढं मास्तरांच्या डोक्यात शिरलं. शिकाऊ माणसं आयुष्यभर त्यांना हेच विचारत आली होती.

"चालेल, चालेल," मास्तर म्हणाले. "फक्त क्लच एकदम सोडू नका."

याला होकार म्हणावं का, हे त्या तरुण डॉक्टरला ठरवता येईना. तिने जवळच्या माणसाला बोलवायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचाच अंगठा लावून त्यांचा फोन उघडला आणि 'घर' असं लिहिलेल्या नंबरवर फोन केला.

तो नंबर मास्तरांच्या घरचा नव्हता. मास्तरांच्या घरी फोन उचलायला कोणी नव्हतंच. नंबर होता त्यांच्या घटस्फोटित बायकोचा. वेगळं होऊन बरीच वर्षं झाली, फोनही दोन-तीनदा बदलून झाले, पण नाव बदलायचं राहून गेलं होतं. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानात सगळे तिला ताई म्हणत, तर आपणही ताईच म्हणू. दिवसभर ताई लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायच्या, "आता नीट दिसतंय, का मघाशी?" आणि निम्मी माणसं गोंधळून म्हणायची, "दोन्ही सारखंच."

फोन आला तशा ताई गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडून निघाल्या.

या दोघांत भांडण असं कधी झालंच नव्हतं. ताईंनी एकदाच कारण सांगितलं होतं: "तुमच्या शेजारी बसलं की मला वाटतं, माझा ब्रेक तुम्हीच दाबणार." मी काही बोलायच्या आत तुम्ही वाक्य पुरं करता, मीठ घालायच्या आत डबा पुढे सरकवता, मला चुकूच देत नाही. मास्तरांना यात तक्रार कुठे आहे ते कळलं नव्हतं. चुकू देत नाही ही तर चांगली गोष्ट. लग्न होतं तोवर ताई त्यांना 'अहो' म्हणायच्या. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "छत्री विसरलास बघ." तेव्हापासून 'अरे' आणि 'तू'. मास्तरांना ते लागलं होतं, पण हेही कबूल करायला हवं की तेव्हापासून बोलणं सोपं झालं होतं.

तर स्ट्रेचर आत जायच्या आधी मास्तरांच्या कानावर आवाज आला, "अहो, मी आलेय." हा आवाज खरंच आला की नाही, याबद्दल मास्तरांना आजही खात्री नाही. ताई म्हणतात, आपण असं म्हणालोच नाही.

डॉक्टरने ताईंना सगळं पुन्हा सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"बायको," ताई म्हणाल्या आणि दाखवलेल्या जागी सही केली.

*

शुद्ध नीट आली तेव्हा मास्तरांच्या हाताला सुई होती आणि सुईच्या टोकाला एक यंत्र.

तीच तरुण डॉक्टर खुर्ची ओढून बसली. "काका, काल तुम्ही घाईत हो म्हणालात. आज सगळं शांतपणे ऐका आणि मग ठरवा. नको वाटलं तर आत्ता बंद करू."

"मी हो म्हणालो?"

"चालेल म्हणालात. आणि क्लचचं काहीतरी."

तिने समजावलं. रक्तवाहिनी उघडली, तिच्यात जाळी बसवली, पण रक्त अडलं होतं तेवढ्या वेळात हृदयाचा काही भाग दुखावला. ती जखम वाढू नये, तिथे कडक वण पडू नये, यासाठी हे हार्मोन उपयोगी पडेल असं वाटतं. प्राण्यांमध्ये पडलंय. माणसांत पडतं का, तेच शोधायचंय. यंत्रातून दोन दिवस, मग पोटाला चिकटवायचा छोटा पंप, तो काही आठवडे. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी.

"हार्मोन म्हणजे कसलं?"

डॉक्टर किंचित घुटमळली. "शरीरात असतंच ते. बायकांच्या. म्हणजे, गरोदरपणात जास्त तयार होतं. रक्तवाहिन्या सैल करतं."

मास्तर म्हणाले, "मी आता सत्तावन्नाचा आहे."

"वयाचा प्रश्न नाही, काका."

"नाही, मी आपलं सांगून ठेवलं."

संध्याकाळी दूरच्या शहरातून मुलीचा फोन आला. आधी ती रडली, मग हे ऐकून हसायला लागली. "बाबा, डोहाळे लागले तर सांगा हं. जपून राहा, जड उचलू नका." मास्तर म्हणाले, जड उचलू नका असं डॉक्टरनीही सांगितलंय. त्यावर मुलगी इतकी हसली की फोन तिच्या नवऱ्याला घ्यावा लागला.

मास्तरांनी त्याच रात्री पूर्ण शुद्धीत सही केली. का केली, ते त्यांना सांगता येईना. यंत्र आधीच चालू होतं. चालू गाडीतून उतरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

*

घरी आल्यावर पोटावर काडेपेटीएवढा पंप. थोड्या थोड्या वेळाने तो 'टिक' करायचा. पंपाकडे लक्ष द्यायला कोणीतरी हवं, असं हॉस्पिटलने 'बायको'ला सांगितलं होतं, त्यामुळे ताईंना दुकान सुटलं की यावं लागायचं. मास्तर चौथ्या मजल्यावर राहायचे, इमारतीला लिफ्ट नव्हती. ताई धापा टाकत यायच्या, पंपाचा दिवा हिरवा आहे ना बघायच्या, सूप गरम करायच्या आणि जायच्या.

एका संध्याकाळी ताई सूप ढवळत होत्या आणि मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ताईंनी मिठाचा डबा शोधायला फळीवर हात फिरवला. डबा मास्तरांच्या हाताशी होता. त्यांनी तो दिला नाही. नुसते बघत राहिले. ताईंनी दोन डबे उघडले, साखर निघाली, तिसऱ्यात मीठ सापडलं. आणि मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दुखतंय का? बस, बस आधी!"

"दुखत नाहीये."

"मग?"

"तू शोधत होतीस ते बघून... चांगलं वाटलं."

ताईंनी गॅस बंद केला. त्यांनी या माणसाला सासऱ्यांच्या मयतीलाही रडताना बघितलं नव्हतं. तिथे तो गाड्या कशा लावाव्या ते लोकांना सांगत उभा होता.

"हे तू बोलतोयस," त्यांनी पोटाकडे बोट केलं, "की पंप?"

मास्तरांनी शर्ट वर करून पंपाकडे बघितलं. पंप 'टिक' म्हणाला.

"मला काय माहीत," ते म्हणाले.

त्या दिवसांत त्यांना काहीबाही व्हायला लागलं. लिंबाचा वास खालच्या मजल्यावरून यायचा. सकाळी अकारण आनंद व्हायचा, दुपारी तो जायचा. आरशापुढे उभे राहून ते आपली छाती बाजूने बघायचे. कमरेची हाडं सैल झाल्यासारखी वाटायची. एकदा अंघोळीच्या वेळी वाकून बघताना पंप सुटला आणि बादलीत पडला. हॉस्पिटलने लगेच दुसरा पाठवून दिला.

एका रविवारी मास्तर म्हणाले, "तू इथे असलीस की बरं वाटतं. हे मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

ताई चिडल्या. "असं काही बोलू नकोस. पंप निघेपर्यंत बोलू नकोस. उद्या उतरलं म्हणजे? मी काय समजायचं?"

"आणि निघाल्यावरही वाटलं तर?"

"तर तेव्हा बघू."

ताईंच्या मनात वेगळीच भीती होती. आपण 'बायको' म्हणून खोटं सांगितलं, त्याने या डॉक्टरची सगळी चाचणी नासली तर? पुढच्या तपासणीला मास्तर आत हृदयाच्या इकोसाठी पडलेले असताना त्या डॉक्टरच्या खोलीत शिरल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी त्यांची बायको नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही कोण?"

"होते. बायको होते. आता नाही. म्हणजे, तेव्हा नव्हते. तुम्ही विचारलंत आणि तोंडातून तेच निघालं."

डॉक्टरने पेन पुन्हा उचललं. "काकू, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ऐकून सही केली. चाचणीसाठी तीच महत्त्वाची. तुम्ही खरं सांगितलंत ते मी वर कळवते, पण काही बिघडलेलं नाही." मग तिने विचारलं, "पण मग तुम्ही का येता? रोज?"

"पंपाकडे बघायला कोणीतरी हवं म्हणालात ना तुम्ही!" ताई जवळजवळ ओरडल्याच.

तोवर इको उरकून बाहेर बाकावर बसलेल्या मास्तरांना एका बाईने गाठलं होतं. तिच्या नवऱ्याला कालच झटका आला होता आणि चाचणीत घ्यायचं का असं तिला विचारलं होतं. तिने मास्तरांच्या पोटावरचा पंप ओळखला.

"भाऊ, याने फरक पडतो का हो?"

मास्तरांना खरं बोलायचं होतं. "मला रडू येतं," ते म्हणाले. "पण ते पाणीही असू शकतं. म्हणजे पंपातलं. जिना चढताना आधीपेक्षा बरं वाटतं, पण आधी मी मरतच होतो, त्यामुळे..." बाईचा चेहरा आणखीच ओढला. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. "हे बघा, त्यांनी मला फसवलं नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाले. नाही म्हटलं तरी इलाज करतात. एवढंच मला पक्कं माहीत आहे."

बाई उठून गेली. तिने काय ठरवलं ते मास्तरांना कळलं नाही.

*

पंप निघाला. पोटावर एक चौकोनी लाल खूण राहिली, तीही गेली. मास्तर रोज सकाळी उठून स्वतःला तपासायचे. आज कमी झालं का? ताईंची वाट बघणं कमी झालं नव्हतं. मात्र लिंबाचा वास आता येईना. म्हणजे वास औषधाचा आणि वाट बघणं स्वतःचं? की खालच्यांनी लिंबू आणणं बंद केलं होतं? खाली जाऊन विचारायला त्यांना लाज वाटली.

इकोत हृदयाची ताकद आधीपेक्षा बरीच वाढलेली निघाली. मास्तर खूश झाले. डॉक्टर म्हणाली, "छानच आहे. पण मिठाच्या पाण्यावरही पुष्कळांची वाढते, काका. जाळी बसवली, गोळ्या चालू आहेत, तुम्ही सिगरेट सोडलीत. कशाने वाढली ते आज नाही सांगता येणार."

डॉक्टरीणबाई याच सुमारास तिसऱ्या खेपेला पास झाल्या. परीक्षेत त्यांनी तिसरा गिअरही टाकला. मास्तरांना अजून गाडी चालवायला मनाई होती, म्हणून हॉस्पिटलला बाईच नेत. मास्तर शेजारच्या सीटवर बसत. बाईंच्या स्वतःच्या गाडीत त्या बाजूला ब्रेक नव्हता. सुरुवातीला मास्तरांचा पाय रिकाम्या जागेवर दाबत राहायचा.

एकदा त्यांना सोडायला बाईंच्या गाडीतून ताईही आल्या. चौथ्या मजल्याच्या जिन्यापाशी मास्तर कठड्याला धरून थांबले. ताई काही वेळ त्यांच्या धापा ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या इमारतीला लिफ्ट आहे."

"माहीत आहे."

"लिफ्टपुरता ये. पुढचं मला विचारू नकोस, मलाही माहीत नाही."

मास्तर दोन बॅगा घेऊन गेले. एक खोली त्यांची, एक ताईंची, स्वयंपाकघर दोघांचं. डबे ताईंनी आपल्या पद्धतीने लावलेले होते आणि मास्तरांना काही सापडत नसे. ताई सांगतही नसत.

*

वर्ष उलटल्यावर हॉस्पिटलचं बोलावणं आलं. चाचणी संपली होती, कोणाला काय मिळालं ते उघड झालं होतं. हवं असेल त्याला सांगणार होते.

आदल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, जायलाच हवं का? ताई म्हणाल्या, "जाऊ या. किती दिवस असं राहायचं?"

डॉक्टर थकलेली दिसत होती. तिने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि पुन्हा आपल्याकडे वळवला.

"काका, तुमच्या बाबतीत जरा गोंधळ आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही औषधाच्या गटात होतात. हॉस्पिटलमधलं यंत्र आणि पहिला पंप, दोन्हीत हार्मोन होतं. ते नक्की. पण तो पंप बादलीत पडला, आठवतं? त्या वेळी बदली पंप पाठवणाऱ्या गोदामात पेट्यांची अदलाबदल झाली होती. तुमच्या दुसऱ्या पंपात औषध होतं की मिठाचं पाणी, हे आता कोणालाच सांगता येत नाही. मी खूप शोधलं. माफ करा."

मास्तर ताईंकडे वळले.

"मी रडलो कधी?" मास्तरांनी विचारलं. "बादलीच्या आधी की नंतर?"

"नंतर. पंप नवीन होता, त्याचा दिवा जास्त चमकायचा. मला आठवतंय."

"छे! बादलीच्या आधी. सूप केलं होतंस. बादली त्या आठवड्याच्या शेवटी."

"सूप तर मी रोजच करायचे!"

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "त्याचा आणि औषधाचा संबंध असेलच असं नाही, काकू. झटक्यानंतर माणसं रडतात. पुष्कळ रडतात."

"आणि एकूण सगळ्यांचं काय निघालं?" मास्तरांनी विचारलं. "उपयोग होतो का याचा?"

डॉक्टरने चष्मा काढून डोळे चोळले. "औषध घेतलेल्यांची हृदयं थोडी जास्त सुधारली. पण इतकी थोडी की तो योगायोगही असू शकतो. अपाय झाला नाही, एवढं नक्की. आणखी माणसं घेऊन पुन्हा करावं लागेल." ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "सहा वर्षं केलं मी हे. घरी आई विचारते, मग काय ठरलं? काय सांगू तिला?"

मास्तरांना त्या पोरीची दया आली. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, "चांगलं चालवलंत तुम्ही. थांबायचं तिथे थांबलात." आणि आपण हे कोणाला म्हणालो, कशाबद्दल म्हणालो, ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. डॉक्टरने मात्र मान हलवली.

बाहेर आल्यावर दोघं लिफ्टच्या रांगेत उभी राहिली. लिफ्ट आली, भरली, गेली. ताई हलल्या नाहीत.

"समजा ते औषधच होतं," ताई म्हणाल्या.

"वर्ष झालं की. उतरलं असतं."

"समजा मुरलं असेल."

"मग मुरलं. मी काय करू? काढून टाकता येत नाही."

ताई पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होत्या. "तुझं एक ठीक आहे," त्या एकदम म्हणाल्या. "तुझ्याकडे निदान पंप होता. मला कोणी काय टोचलं होतं? मी का चढत होते रोज चार जिने? तिने विचारलं तर मी बायको का म्हणाले? मला तर मिठाचं पाणीसुद्धा दिलं नव्हतं कोणी."

मास्तरांच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, कारण ते बरोबर आहे की नाही याची खात्री नव्हती. ताई रडल्या नाहीत, फक्त रागाने नाक ओढलं.

पुन्हा लिफ्ट आली. आत शिरता शिरता मास्तरांचा फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, काय निघालं? औषध की पाणी?"

"हे बघ, पहिल्यात औषध होतं. दुसऱ्यात गोदामवाल्यांनी... थांब. तुझी आई म्हणते मी दुसऱ्याच्या वेळी रडलो, पण सूप पहिल्याच्या वेळचं..."

"बाबा, मला काही कळत नाहीये."

"तुझ्या आईशी बोल," मास्तर म्हणाले आणि फोन ताईंच्या हातात दिला.

"अगं, माणूस बरा आहे," ताई फोनमध्ये म्हणाल्या. "बाकी विचारू नकोस. हो, घरीच चाललोय. हो, दोघंही."